घरचा बैल, पटाचा बैल

डिसेंबर सरत आला की आमच्या वाशीम जिल्ह्यात चहाच्या टपऱ्यांवर आणि कृषी केंद्रांच्या भिंतींवर रंगीत फलक झळकू लागतात. वर ठसठशीत अक्षरांत 'भव्य शंकरपट', मध्ये उधळलेली बैलजोडी, दोन्ही बाजूंना हात जोडलेले पुढारी आणि खाली बक्षिसांची यादी. पहिले बक्षीस लाखाचे, कुठे मोटारसायकल, तर कुठे थेट ट्रॅक्टर. बैल पळवून ट्रॅक्टर जिंकायचा, यातली गंमत फलक छापणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, आणि टपरीवर चहा पिता पिता तो वाचणाऱ्याच्याही नाही.

शंकरपट म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. पुण्याकडचा बैलगाडा घाट चढतो, त्याच्यापुढे घोडी धावते. सांगली-साताऱ्याकडच्या शर्यतीत अनेक गाड्या एकदम सुटतात. आमच्या वऱ्हाडातला पट अगदी साधा. सरळ नांगरून, दाबून, दगड वेचून तयार केलेली एक पट्टी. तिला दाण म्हणायचे. एका टोकाला दोन बैल, त्यांच्यामागे हलकासा छकडा, त्यावर एक धुरकरी. वळण नाही, फेरी नाही, अडथळा नाही. झेंडी पडली की जोडी सुटते आणि दुसऱ्या टोकाचा पंच घड्याळ दाबतो. आमच्या गावच्या दाणीवर आठ सेकंदांत निकाल लागत असे. नऊ लागले तर ती जोडी पाहायला पोरेही थांबत नसत. पलीकडे झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गडचिरोलीकडे, दोन जोड्या शेजारशेजारच्या दाणींवर एकदम सोडतात आणि रात्री त्याच गावात नाटक असते. वडशाच्या नाटक मंडळ्या या पटांच्या जोरावरच जगल्या. आमच्याकडे नाटक नव्हते. आमचे सगळे नाटक त्या आठ सेकंदांत.

माझे लहानपण मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्याचे होतो. जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. घरी चाळीस एकर कोरडवाहू शेती, दोन जोड्या, आणि आजोबांना पटाचा नाद. त्यांना आम्ही आबाजी म्हणायचो. नाद म्हणण्यापेक्षा ते दुखणे होते, असे आजीचे मत. दिवाळीनंतर कापूस वेचणीला आला की आबाजींचे लक्ष शेतावरून उडे आणि सुताराच्या पडवीत त्यांचा मुक्काम पडे.

छकडा बांधणे हा त्या वयात पाहिलेला सर्वांत मोठा कारखाना. रोजच्या बंडीला वजन पेलायचे असते, म्हणून तिचे सगळेच जाडजूड. छकड्याला वजन पेलायचे नसते, ते टाकायचे असते. सुतारबाबा आधी कागदावर काही काढत नसत. बाभळीचा तुंबा, बाभळीचेच आरे, धावड्याचा आस, सागाच्या दांड्या. प्रत्येक तुकडा हातात तोलायचे, नखाने टकटक करून आवाज ऐकायचे आणि तासायला घ्यायचे. तासून झाला की पुन्हा तोलायचे. 'अजून अर्धा शेर खाते हे,' असे म्हणून पुन्हा तासायचे. कुठपर्यंत तासावे, याला हिशेब नव्हता. एक वर्ष त्यांनी आरे इतके बारीक केले की सरावाच्या दिवशीच चाक बसले आणि धुरकरी असलेले आमचे काका दहा हात पुढे जाऊन पडले. काकांनी उठून आधी बैल पाहिले, मग छकडा, मग स्वतःचा कोपर.

चाकाला लोखंडी धाव चढवायचा दिवस सणासारखा. गोवऱ्यांच्या गोल रचलेल्या जाळात धाव लाल होईपर्यंत तापवायची, चौघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते, सगळे सांधे करकचून आवळले जातात, वाफेचा ढग उठतो. पटाच्या चाकाची धाव निम्म्या रुंदीची असे. आसाला वंगण म्हणून एरंडेल. पुढे शहरात नोकरीला गेल्यावर कळले, की मोटारींच्या शर्यतींमुळे जगभर गाजलेल्या कॅस्ट्रॉल या तेलाचे नावच मुळी एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडले आहे. सुतारबाबांना ते सांगायचे राहून गेले. त्यांना त्याचे फार नवल वाटले असते, असेही नाही.

तयार छकडा दोन माणसे सहज उचलून गोठ्याच्या आढ्याला टांगत. तिथेच तो पुढल्या पौषापर्यंत लटकत राहायचा.

बैलांचे तसे नव्हते. बेरारच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आमच्याकडच्या जनावरांचे दोन वाण सांगितले आहेत, खामगावी आणि उमर्डा. उमर्डा अंगाने लहान, पण चपळ. आमचे पाखऱ्या आणि बाण्या त्यातलेच असावेत, असे आबाजी म्हणायचे. दाखला अर्थातच नव्हता. पटाच्या आधी दोन महिने त्यांना सरकीची ढेप, उडदाची चुरी, कणकेचे गोळे आणि कधीमधी आमच्या ताटातले तूप मिळे. पहाटे नदीच्या वाळूत चालवायचे, म्हणजे मांड्या भरतात. पण हे सगळे कामाच्या जोडीला. सकाळी वाळूत चाललेली जोडी दिवसभर कापसाच्या बंडीला असे. बाण्या जूखाली शांत आणि दाणीवर पिसाळलेला, पाखऱ्या नेमका उलटा. दोघांचे पाऊल एकत्र पडेल असे करणे, हीच धुरकऱ्याची विद्या. दोन वेगळे झपाटलेले बैल छकडा सरळ नेत नाहीत, तो तिरपा जातो.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या गावचा पट भरला नाही. त्या साली वैरणीसाठी बंड्या लांबलांबच्या गावांना जात आणि निम्म्या रिकाम्या परत येत. पाखऱ्याच्या बरगड्या मोजता यायच्या. आबाजींनी जोडी विकली नाही, यात पटाच्या नादाचा वाटा किती आणि शेतकऱ्याच्या शहाणपणाचा किती, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

या आठवणी मी गोड करून सांगतो आहे, असे कुणाला वाटेल. पटाची दुसरी बाजूही मी त्याच दाणीवर पाहिली आहे. तुतारी नावाच्या काठीच्या टोकाला लोखंडी आर असे आणि ती पुठ्ठ्यात टोचली की रक्ताचा ओघळ खुरापर्यंत यायचा. शेपटी पिरगाळणे हे तर दोषात धरलेच जात नसे. सुटण्याआधी बैलाला दारू पाजणारे होते. पुढच्या काळात बॅटरीचा झटका देणारे निघाले. आबाजी तुतारी वापरत नसत, पण दुसऱ्याने वापरली म्हणून पटातून उठूनही येत नसत. एका वर्षी शेजारच्या गावच्या पटात दाण संपते तिथून जेमतेम वीस हातांवर नाला होता. पहिली आलेली जोडी थांबलीच नाही. एका बैलाचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला. लोक दुसऱ्या जोडीसाठी टाळ्या वाजवत होते आणि नाल्यात तो बैल उठायचा प्रयत्न करत होता. मालकाने त्याच्या डोळ्यांवर आपले उपरणे टाकले. मी तेव्हा बारा वर्षांचा असेन. तो नाला मला अजून दिसतो.

पटाकडे नव्याने पाहायला मला लावले ते मात्र फार लांबच्या एका मैदानाने. २०१६ च्या ऑक्टोबरात मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो असताना जावई मला बेकर्सफील्डजवळ फमोसो नावाच्या ठिकाणी घेऊन गेले. जुन्या शर्यतीच्या मोटारींचा मेळावा होता. सरळ डांबरी पट्टी, दोन्ही बाजूंना लाकडी बाके, उन्हात टोप्या घालून बसलेली माझ्या वयाची आणि त्याहून म्हातारी माणसे. तिकडे त्याला ड्रॅग रेसिंग म्हणतात. पाव मैलाची, म्हणजे १३२० फुटांची सरळ दाण, दोन गाड्या शेजारशेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचे. वळण नाही, फेरी नाही. मी जावयांना म्हटले, अहो, हा तर आमचा झाडीपट्टीचा पट!

या खेळाचा उगमही फार निराळा नाही. युद्धानंतर ओस पडलेल्या लष्करी धावपट्ट्यांवर आणि त्याआधी कोरड्या सरोवरांच्या तळांवर गॅरेजमध्ये काम करणारी पोरे भंगारातल्या मोटारी घेऊन यायची. बसायची गादी काढ, दारे काढ, चिखलरोधक काढ. सुतारबाबांचाच धंदा. मग कुणाला तरी नायट्रोमिथेन सापडले. हे द्रव्य आपल्या पोटात स्वतःचा प्राणवायू घेऊन येते. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, नायट्रोला पावणेदोन किलो पुरते. त्यामुळे तेवढ्याच हवेत इंजिनाला कितीतरी जास्त इंधन पाजता येते आणि ताकद दुपटीच्या पुढे जाते. कधीकधी इंजिनही जाते. गाड्या इतक्या सुसाट झाल्या, की १९५७ मध्ये तिथल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने आपल्या शर्यतींत नायट्रोवर बंदी घातली. बंदी न मानणाऱ्या मैदानांवर ते चालूच राहिले आणि त्यांत बेकर्सफील्ड आघाडीवर होते. १९६३ पासून बंदी उठत गेली.

डॉन गारलिट्स हे या खेळातले सर्वांत मोठे नाव. आपल्या गाड्या ते स्वतः बांधत. तेव्हा इंजिन चालकाच्या पुढे असायचे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लायन्स या मैदानावर सुटतानाच गाडीचा गिअरचा भाग फुटला आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा तुकडा गेला. दवाखान्यातून परतल्यावर त्यांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली गाडी बांधली, १९७१ मध्ये ती जिंकू लागली आणि काही वर्षांत साऱ्यांनी तीच रचना उचलली. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा हा चालक दाण संपल्यावर गाडी न थांबल्याने मरण पावला, तेव्हा सर्वांत वेगवान गाड्यांसाठी अंतर १३२० वरून १००० फुटांवर आणले गेले. हे वाचले तेव्हा मला तो नालाच आठवला. आमच्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षे दाण तिथेच आखली जायची.

फमोसोला संध्याकाळी जे झाले, ते सांगायला हवे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, पुन्हा खिळा-खिळा जुळवलेल्या गाड्या पट्टीवर ओळीने उभ्या केल्या. त्या पळणार नव्हत्या. त्यांची इंजिने फक्त चालू केली. नळ्यांतून पिवळ्या ज्वाळा, छाती हलवणारा कडकडाट आणि नायट्रोचा तो वास, ज्याने डोळ्यांत घळाघळा पाणी येते. म्हातारे टोप्या काढून उभे होते. पाणी सगळे नायट्रोचेच असेल, असे नाही. एक गृहस्थ म्हणाले, ही गाडी माझ्या भावाबरोबर मी बांधली होती, मध्ये तीस वर्षे ती कुणाच्या तरी कोठारात पडून होती.

तेव्हा मला आमच्यातला आणि त्यांच्यातला फरक कळला. मोटार कोठारात तीस वर्षे पडून राहते. इंधन काढून ठेवा, झाकून ठेवा, नातवाने काढली तर ती पुन्हा बोलते. आमचा छकडाही आढ्याला टांगून ठेवता येतो. बैल टांगता येत नाही. तो रोज खातो, आणि त्याला खाऊ घालायला रोजचे काही कारण लागते.

ते कारण कसे संपत गेले, हे मी बँकेच्या टेबलावरून पाहिले. मी खेड्यातल्या शाखांत नोकरी केली. सुरुवातीच्या वर्षांत कर्जाच्या अर्जांत बैलजोडी आणि बंडी हा नेमाचा मजकूर. जोडीची पाहणी करायची, विमा उतरवायचा, कानात पितळी बिल्ला ठोकायचा. एकदा एका पटात पहिल्या आलेल्या बैलाच्या कानात आमच्याच शाखेचा बिल्ला चमकताना मी पाहिला आणि कर्जदार मला पाहून छकड्यामागे दडला. कर्ज त्याने वेळेवर फेडले. नव्वदच्या दशकानंतर सोयाबीन आले, कापूस मागे हटला, आणि अर्ज बदलले. ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र. बैलाला काम उरले ते डवरणीचे, आणि तेही तणनाशकाने निम्मे खाल्ले. निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत बैलजोडीच्या कर्जाचा एकही अर्ज माझ्याकडे आला नाही.

याच काळात बंदी आली. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने, खेळासाठी वापरता येणार नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत, वाघ, अस्वल, माकड यांच्या पंक्तीला बैलही बसवला. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जल्लिकट्टूबरोबर आमचा पटही बंद झाला. पुढच्याच वर्षी राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि म्हातारा बैल विकण्याची वाटही बुजली. २०१७ मध्ये राज्याने शर्यतींसाठी कायदा दुरुस्त केला, तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला.

अटी चांगल्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र हवे, धुरकऱ्याच्या हाती काठी, चाबूक, तुतारी, विजेचे यंत्र काही चालणार नाही, आणि मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. त्या आमच्या लहानपणीच असायला हव्या होत्या. जे म्हणतात की तुतारीशिवाय पट रंगत नाही, त्यांनी बैल ओळखलेला नाही; आबाजींची जोडी नुसत्या आरोळीवर आठ सेकंदांत यायची. काही गोष्टी तर पूर्वीपेक्षा बऱ्या झाल्या आहेत. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या प्रसिद्ध पटात आता बायकाही धुरकरी म्हणून छकड्यावर चढतात. आमच्या काळात बायकांनी दाणीकडे फिरकायचे नाही, अशी रीत होती. आजी गोठ्याच्या माळ्यावरून पाहायची.

माझे भांडण आहे ते बक्षिसाशी. सात वर्षे पट बंद राहिला, तेवढ्यात गावातली घरची जोडी संपली. पट परत आला तो वेगळ्याच बैलांचा. हे बैल कधी जूखाली शेतात गेलेले नाहीत. ते टेम्पोतून येतात, त्यांच्यासोबत खुराकी माणूस, मालिश करणारा माणूस, आणि मालक शहरात जमिनींचे व्यवहार करणारा. बैलाची किंमत लाखांत सांगतात, आणि ती ऐकूनच अर्धे प्रेक्षक तृप्त होतात. छकडा लोखंडी नळ्यांचा, बेअरिंगवर फिरणारा. वेळ मोजायला किरणांचे यंत्र, सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारे. यात वाईट काही नाही. पण पटावर बैल जगतील, गोवंश टिकेल, असे जे भाषणांत सांगितले जाते, त्याचा हिशेब मी बँकेतल्या सवयीने मांडून पाहतो आणि तो जुळत नाही. एका जिंकणाऱ्या जोडीमागे शंभर हरणाऱ्या. हरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम नसेल, तर मालक त्याला किती दिवस उडीद चारील? आणि पाच-सहा वर्षांनी पाय आखडल्यावर?

आमच्या गावचे एक म्हातारे धुरकरी आहेत. त्यांना मी हे विचारले. ते म्हणाले, "हे पाय भाऊ, बैल घरचा असन तं पट, इकतचा असन तं धंदा. धंद्यात माल खपला का दुकान बंद."

बहुतेक पटांत अजून एक गट असतो, गावगाडा नावाचा. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी आपल्या कामाच्या जोड्या त्यात पळवायच्या. फलकावर तो सर्वांत खाली, बक्षीस सर्वांत लहान, आणि तो उरकून टाकतात सकाळी, पुढारी यायच्या आधी. माझे म्हणणे एवढेच, की फलक उलटा छापा. मोठे बक्षीस गावगाड्याला द्या. जोडी शेतात राबते, याचा दाखला तलाठ्याकडून किंवा ग्रामसभेकडून घ्या; आमच्या बँकेत तसले दाखले आम्ही ढिगांनी घेतले आहेत, ते अवघड नाही. दाणीपुढे दाणीइतकीच मोकळी जागा सोडल्याशिवाय परवानगी देऊ नका. आणि लाखांचे बक्षीस एकाच्या घशात घालण्याऐवजी पहिल्या पंचवीस जोड्यांना वर्षभराची ढेप आणि कडबा द्या. आयोजक म्हणतील, मग गर्दी कोण आणणार? कदाचित गर्दी कमी होईलही. आमच्या लहानपणी पाचशे माणसे असत आणि प्रत्येकाला प्रत्येक बैलाचे नाव ठाऊक असे.

गेल्या माघात कारंजा तालुक्यातल्या एका पटाला गेलो होतो. गावगाड्यात एक पोरगा, विशीतला, आपली तांबडी जोडी घेऊन आला होता. छकडा लाकडी, जुना, कुणाच्या तरी आढ्यावरून काढलेला. जोडी सुटली तिरपी, मध्येच सरळ झाली, आणि अकरावी आली. मोठ्या गटाच्या जोड्या अजून टेम्पोतून उतरायच्या होत्या, मंडपात ध्वनिक्षेपक तपासणे चालले होते. मी त्याला म्हटले, थांब की, खरी शर्यत आता सुरू होणार. त्याने छकडा सोडून बाजूला लावला होता आणि तो बैलांना बंडीला जुंपत होता. शिवळा अडकवत तो म्हणाला, "तूर पडली हाये वावरात, काका. ढग पाहा तिकडं."